थपडांची रीळ : एका फसलेल्या ब्लॅक कॉमेडीची आणि तिच्या डीव्हीडीची केस

गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीत महिन्यातून एका शनिवारी आम्ही सिनेमा लावायचो. तळमजल्यावरची खोली, जिथे गणपती बसायचा आणि बाकी वर्षभर कॅरम चालायचा, तिथे आत्याचा एकवीस इंची टीव्ही दोघांनी उचलून आणायचा, सतरंज्या घालायच्या, भिंतीलगत वयस्कर मंडळींसाठी खुर्च्या, आणि जेवणं आटपून साडेनऊपर्यंत पंधरा-वीस माणसं जमायची. इंग्लिश फिल्म असली की सबटायटल आहेत ना हे मी आधी बघून घ्यायचो, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांना बोललेलं इंग्लिश कळत नसे पण लिहिलेलं बऱ्यापैकी कळायचं, आणि ज्यांना तेही जमत नसे त्यांना आत्या मधेमधे मराठीतून सांगत राहायची.

२००५ च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ अमेरिकेहून सुट्टीला आला आणि येताना माझ्यासाठी 'द लेडीकिलर्स'ची डीव्हीडी घेऊन आला. २००४ ची फिल्म, कोएन बंधूंची, मुख्य भूमिकेत टॉम हँक्स. कोएन बंधू म्हणजे माझ्यासाठी 'फार्गो' करणारे लोक, माणूस मरत असताना आपल्याला हसू कसं येतं आणि हसताना आतून कसं कसंतरी होतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. म्हणून मी न बघताच ती जूनच्या शनिवारला ठरवून टाकली. आणि ती रात्र फसली. लोक कंटाळले, दोघं उठून गेले, मला स्वतःला वाईट वाटलं. पण का फसली ते शोधायला मी पुढचे दोन महिने घालवले आणि त्यात त्या डिस्कवरच्या फिल्मपेक्षा डिस्कवरच्या बाकीच्या गोष्टींनी जास्त मदत केली, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

आधी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेतल्या मिसिसिपीत मार्वा मन्सन नावाची एक विधवा बाई एकटी राहते, चर्चला जाणारी, देवभोळी, दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीशी बोलणारी, सोबतीला एक मांजर. तिच्याकडे प्रोफेसर डॉर नावाचा एक गोडबोल्या माणूस खोली भाड्याने मागायला येतो आणि सांगतो की आम्ही पाच जण जुन्या पद्धतीचं संगीत वाजवतो, तुमच्या तळघरात तालीम करू द्या. तळघरातून त्यांना प्रत्यक्षात भुयार खणायचंय, जवळच्या कॅसिनोचे पैसे ठेवतात तिथपर्यंत. चोरी होते, बाईला कळतं, ती म्हणते पैसे परत करा आणि चर्चला चला, मग हे पाच जण तिला मारायचं ठरवतात आणि मारता मारता एकेक करून स्वतःच मरतात. प्रत्येक प्रेत पुलावरून खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, टाकलं जातं.

ही गोष्ट मूळ त्यांची नव्हे. १९५५ साली लंडनच्या ईलिंग स्टुडिओने याच नावाची फिल्म केली होती, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक, पटकथा विल्यम रोजची, आणि त्यात अलेक गिनेस, पीटर सेलर्स, हर्बर्ट लोम अशी माणसं. २००४ ची फिल्म त्याच गोष्टीचा रिमेक. यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यावर बराच उलगडा झाला: कोएन बंधूंनी ही पटकथा आधी स्वतःसाठी लिहिलीच नव्हती, बॅरी सोनेनफेल्डने दिग्दर्शन करायचं होतं त्याच्यासाठी लिहिली होती. सोनेनफेल्ड त्यांचा जुना माणूस, त्यांच्या पहिल्या तीन फिल्मचा कॅमेरामन. पुढे तो निर्माताच राहिला आणि दिग्दर्शन या दोघांकडे आलं, पडद्यावर दोघांचं नाव दिग्दर्शक म्हणून एकत्र पहिल्यांदा आलं ते याच फिल्मला. म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा स्वतः घालायची वेळ आली. मला तरी ते फिल्मभर जाणवतं, प्रत्येक प्रसंग नीट इस्त्री केलेला आहे पण अंगाला कुठेच बसत नाही.

डिस्क लागेना तेव्हा

जूनमधल्या त्या शनिवारी दुपारी मी डिस्क तपासायला लावली तर प्लेयरने ती आत घेतली, दोनदा घरघर केली आणि स्क्रीनवर रिजन चुकीचा असल्याची पाटी दाखवून बाहेर काढून दिली. ज्यांना ती भानगड आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, डीव्हीडीवाल्यांनी जग सहा तुकड्यांत वाटलं होतं, अमेरिका-कॅनडा एक नंबर, युरोप आणि जपान दोन, आणि आपण रशिया-आफ्रिकेसोबत पाच नंबरात, एका नंबरची डिस्क दुसऱ्या नंबरच्या प्लेयरवर चालायची नाही. फिल्म वेगवेगळ्या देशात वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या किमतीला विकता यावी म्हणून केलेली सोय. ज्याने पैसे देऊन रीतसर डिस्क घेतली त्यालाच ती बघता येत नाही याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

प्लेयर पिशवीत घालून चालत लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी ट्रे उघडा ठेवून रिमोटवर चार-पाच आकडे दाबले, स्क्रीनवर कधी न बघितलेला एक मेन्यू आला, त्यात पाच होतं तिथे शून्य केलं, झालं. मिनिटभराचं काम. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, 'पुढच्या वेळी वायर घ्यायला ये माझ्याकडे.'

घरी येऊन लावली तर चित्र दिसतंय पण ब्लॅक अँड व्हाइट. अमेरिकन डिस्क एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची, आत्याचा टीव्ही जुना, फक्त आपल्याकडची पाल पद्धत समजणारा, त्याला चित्र कळत होतं पण रंग कळत नव्हता. त्याचा उपाय प्लेयरच्या सेटिंगमधे होता, टीव्ही सिस्टिम पाल करायची की रंग येतो, पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री पंधरा-वीस लोकांनी ती फिल्म बिनरंगाची बघितली. रॉजर डीकिन्सने केलेलं छायाचित्रण, चर्चमधले उन्हाळी रंग, बाईचे फुलाफुलांचे कपडे, सगळं करडं. आणि यातली विचित्र गोष्ट अशी की १९५५ ची मूळ फिल्म टेक्निकलरमधे आहे, म्हणजे जुनी रंगीत आणि नवी आमच्याकडे काळी-पांढरी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बसल्या बसल्या म्हणाल्या, 'जुना दिसतोय सिनेमा, मग चांगला असेल.'

हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण नंतर मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो की रंग नव्हता म्हणून फिल्म पडली. तसं नव्हतं. पुढच्या रविवारी मी एकट्याने रंगात बघितली आणि तेव्हाही ती तशीच वाटली.

त्या रात्री काय झालं

सुरुवातीला लोक बसले होते नीट. बाई पोलीस ठाण्यात जाऊन शेजारच्या पोराच्या कर्कश गाण्यांची तक्रार करते, तो प्रसंग सगळ्यांना आवडला कारण आमच्या चाळीत स्पीकरवरून भांडण नाही असा महिना जात नसे. टॉम हँक्स झुलता कोट घालून दारात उभा राहतो आणि एका वाक्याच्या जागी सात वाक्यं बोलतो तिथपर्यंतही ठीक. मग टोळी जमली आणि गाडी घसरली.

टोळीतल्या प्रत्येकाला एकेक विनोद वाटून दिलाय आणि तो विनोद संपेपर्यंत माणूस काही करत नाही. जे. के. सिमन्सने केलेल्या सुरुंगवाल्याला पोटाचा विकार, त्याला ऐनवेळी संडासला पळावं लागतं. त्झी माचा जनरल बोलत नाही, नुसती सिगरेट ओढतो आणि कुणी आलं की पेटती सिगरेट जिभेने तोंडात लपवतो. रायन हर्स्टचा लंप हा फुटबॉल खेळणारा दांडगा पण डोक्याने कमी. आणि मार्लन वेयन्सचा गॉवेन, तो कॅसिनोत झाडू मारतो आणि प्रत्येक वाक्यात शिव्या देतो. आता त्या शिव्या सबटायटलमधे लिहून येत होत्या, समोर खुर्च्यांवर आजी, काका, शाळकरी मुलं, आणि आत्या मराठीतून सांगणारी. पहिल्या दोन-तीन वेळा तिने 'तो चिडलाय' असं सांगितलं, मग ती गप्प झाली आणि तिच्याबरोबर ज्यांना सबटायटल वाचता येत नव्हते ते सगळेच फिल्मच्या बाहेर फेकले गेले. याचा दोष फिल्मला देत नाही, प्रौढांसाठीची फिल्म आहे ती, सर्टिफिकेट आधी वाचायला हवं होतं. पण शिवीच जर त्या माणसाचा एकुलता एक विनोद असेल तर शिवी काढून घेतल्यावर खाली काहीच उरत नाही हे त्या रात्री लख्ख दिसलं.

मरणं सुरू झाल्यावर मी वाट बघत होतो की आता तरी खोलीत काहीतरी होईल. जनरल बाईला मारायला जातो, घड्याळातला पक्षी अचानक ओरडतो, सिगरेट घशात जाते आणि तो मांजराला अडखळून जिन्यावरून पडतो. लंपला पिस्तूल चालतंय की नाही कळत नाही म्हणून तो नळीत डोकावून बघतो. हे ऐकायला सांगितलं तर मजेशीर वाटतं, पण खोलीत कुणी हसलं नाही आणि कुणाला वाईटही वाटलं नाही. या दोन्हींपैकी एक तरी व्हायलाच पाहिजे. ब्लॅक कॉमेडीत मरणाला किंमत असावी लागते, नाहीतर मरण म्हणजे नुसती माणसं मोजायची, हा गेला, तो गेला, किती राहिले. आमच्या चाळीतला एक शाळकरी मुलगा खरोखरच बोटांवर मोजत होता.

शेवटी बाई सगळे पैसे बॉब जोन्स युनिव्हर्सिटीला देऊन टाकायचं ठरवते आणि फिल्म संपते. कुणालाच काही कळलं नाही, मलाही नाही. मामेभावाने नंतर फोनवर सांगितलं की ती दक्षिणेतली अतिशय कर्मठ ख्रिश्चन संस्था, गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत फिरायला तिथे २००० सालापर्यंत बंदी होती, आणि इथे एक काळी बाई तिलाच पैसे देतेय. कळल्यावर तो विनोद मला आवडला, चांगलाच बोचरा आहे. पण गिरगावात तो पोचायला कुणीतरी सांगावं लागतं, आणि डिस्कवर दिग्दर्शकांची कॉमेंट्री नाही. कोएन बंधू एरवीही कॉमेंट्री क्वचितच देतात, तरी या फिल्मला ती सगळ्यात जास्त हवी होती.

डिस्कवरचं बाकीचं सामान

फिल्म संपल्यावर लोक सतरंज्या गोळा करायला लागले, मी कसंनुसं होऊन मेन्यूत गेलो की निदान काहीतरी दाखवावं. तीनच गोष्टी होत्या बघण्यासारख्या. एक, डॅनी फेरिंग्टन नावाच्या गिटार बनवणाऱ्या कारागिरावरचा छोटा माहितीपट, फिल्ममधे टोळी जी वाद्यं घेऊन फिरते ती याने बनवलेली. आता विचार करा, फिल्ममधे ही वाद्यं म्हणजे नुसतं सोंग आहे, कुणी ती वाजवत नाही, टेपवर गाणं लावून खाली भुयार खणतात. आणि त्या सोंगासाठी एका माणसाने लाकूड निवडून, घासून, तारा लावून खरी वाद्यं केली. आमच्या पहिल्या मजल्यावर हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका राहायचे, ते दारातून परत फिरले आणि उभ्या उभ्या सगळं बघितलं.

दुसरं म्हणजे चर्चमधली गाणी, फिल्ममधे तुकड्यात येतात ती इथे पूर्ण. या फिल्मचं संगीत टी बोन बर्नेटने जमवलंय, याआधी कोएन बंधूंच्याच एका फिल्मसाठी त्याने जुनी अमेरिकन लोकगीतं गोळा केली होती आणि त्या अल्बमला ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला होता. गाणं लागलं आणि खोलीतला आवाज बंद झाला. भाषा कळायची गरजच नव्हती, भजनात जसा एक जण वर घेतो आणि बाकीचे खालून धरून ठेवतात तसंच, टाळ्यांची लय तीच, मधे कुणाला तरी भरून येतं आणि तो हात वर करतो तेही तेच. दर गुरुवारी भजनाला जाणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मांडीवर ताल धरून बसल्या होत्या.

आणि तिसरी, थपडांची रीळ. फिल्ममधे गॉवेन घरात अर्वाच्य बोलतो म्हणून बाई त्याला सणसणीत थप्पड मारते. शूटिंगमधे त्या थपडेचे जेवढे टेक झाले ते सगळे एकामागे एक जोडलेत, बाकी काही नाही, थप्पड, थप्पड, थप्पड. जेमतेम मिनिटभराचं असेल. आजी एवढा वेळ गप्प बसल्या होत्या, त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, 'परत लाव रे.' मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्या वेळी त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघून हसत होते. पावणेदोन तासांच्या फिल्मने जे केलं नाही ते एका मिनिटाने केलं.

मी विचारलं, 'आजी, यात एवढं काय आवडलं तुम्हाला?'

त्या म्हणाल्या, 'ही बाई खरी आहे. त्याला मारतेय ते त्याचं भलं व्हावं म्हणून मारतेय. बाकीचे सगळे सोंगं आणतायत.'

मी नंतर या फिल्मवर जे काही वाचलं त्यात या वाक्याच्या पुढे जाणारं मला काही सापडलं नाही. त्या बाईचं काम केलंय अर्मा पी. हॉलने, आणि २००४ च्या कान महोत्सवात परीक्षकांनी या फिल्मला दुसरं काही दिलं नाही पण तिला ज्युरी पुरस्कार दिला. परीक्षकांचा अध्यक्ष होता अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो. म्हणजे कानमधल्या त्या मंडळाला जे दिसलं तेच आमच्या आजींना करड्या रंगात, निम्मे संवाद न कळता दिसलं.

मूळ फिल्म, पुरातून वाचलेली

मला मग मूळ फिल्म बघायचीच होती. माझ्या एका कॉलेजमित्राकडे ती लंडनहून आणलेली डीव्हीडी होती, तो कलिन्याला तळमजल्यावर राहायचा. जुलैच्या शेवटच्या शनिवारी लावायचं ठरलं, मी बुधवारी जाऊन आणणार होतो, आणि मंगळवारी २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस आणि इकडे कुलाब्याला फक्त ७३, आम्हाला गिरगावात कळेचना की शहराच्या दुसऱ्या टोकाला काय झालंय. मित्राच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली, सामान सगळं गेलं.

ऑगस्टमधे मी त्याच्याकडे मदतीला गेलो तेव्हा डिस्कच्या डब्यांचा ढीग अंगणात होता, कागदी कव्हरांचा लगदा झालेला, आत चिखल. आम्ही पाटावर बसून एकेक डिस्क धुतली. साध्या साबणाचं पाणी, हाताने गोल फिरवायचं नाही, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसत जायचं, कारण गोल ओरखडा पडला तर तो ट्रॅकला समांतर जातो आणि मग डिस्क अडकते, आडवा ओरखडा प्लेयर बऱ्याचदा निभावून नेतो. मग सुती धोतराच्या तुकड्यावर पालथ्या न घालता उभ्या वाळवल्या. ज्या टेप होत्या त्या सगळ्या फुकट गेल्या, डिस्क मात्र बहुतेक वाचल्या. 'द लेडीकिलर्स' वाचली. मित्र म्हणाला, 'घेऊन जा, आणि लाव नक्की, निदान ही एक तरी ठरल्याप्रमाणे होऊ दे.'

गणपती उठल्यावर लावली. पाल डिस्क, त्यामुळे आत्याच्या टीव्हीवर एकदम रंगात.

पहिल्या पाच मिनिटांतच फरक कळला. बाईचं घर युद्धातल्या बॉम्बफेकीने कललेलं आहे, भिंतीवरची चित्रं सरळ राहतच नाहीत, आणि नळाला पाणी यावं म्हणून ती पाइपावर मोगरी हाणते. आमच्या चाळीत सकाळी पाणी येताना पाइप कसे धडधडायचे ते ज्याला माहीत आहे त्याला ते घर परकं वाटूच शकत नाही. त्या बाईचं काम करणारी केटी जॉन्सन सत्तरीच्या पार गेलेली होती तेव्हा, अंगाने चिमणीएवढी, आणि पाच अट्टल गुन्हेगार तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात. तिच्या मैत्रिणी चहाला येतात तेव्हा त्यांना चोरीचे पैसे वर ठेवून खाली गाणं म्हणत बसावं लागतं. हर्बर्ट लोमचा गुंड सोडला तर एकालाही तिला मारायची हिंमत नाही, काड्या काढून ज्याचा नंबर येतो तो काहीतरी कारण काढून पळतो. इथे आमच्या खोलीत जे हसू होतं ते घाबरलेलं हसू होतं. आजी एकदा म्हणाल्यासुद्धा, 'अगं बाई, ऊठ तिथून.'

आणि इथे मला केस उलगडली. जुन्या फिल्ममधे ती बाई म्हणजे फक्त एक बाई नाही, ती त्या चोरांचीच सद्सद्विवेकबुद्धी आहे, त्यांना मारणारं बाहेरचं कुणी नाही, तिला मारायला निघाले की ते आपोआप एकमेकांना मारतात. नव्या फिल्ममधे बाईला तेवढंच वजन आहे, खरंतर अर्मा हॉलमुळे जास्तच आहे, पण समोरच्या पाचांना मनच दिलेलं नाही, पोट दिलंय, सिगरेट दिलीय, शिव्या दिल्यात. गॉवेनला एकदा तिच्यात आपली आई दिसते, तेवढा एकच क्षण फिल्म जागी होते आणि लगेच झोपते. मन नसलेल्या माणसाला टोचणी लागणार कशाची? म्हणून ते मांजरामुळे मरतात, घड्याळामुळे मरतात, पुलावरच्या दगडी मूर्तीचं डोकं पडून प्रोफेसर मरतो. योगायोगाने मेलेल्या माणसावर हसायला येत नाही.

आणि स्टुडिओलाही हे कळलं असावं असं मला डिस्कवरून वाटतं, हा माझा अंदाज आहे. ज्या फिल्मवर विश्वास असतो तिच्या डिस्कवर ती फिल्म कशी केली ते असतं. इथे गाणी आहेत, वाद्यं आहेत, थपडा आहेत, टोळी कुठेच नाही. ज्याने कुणी ती डिस्क भरली त्याने फिल्ममधलं खरं तेवढं बरोबर वेचून बाजूला काढून ठेवलंय.

२०१९

हे इथेच संपवलं असतं, पण २०१९ मधे, चाळ रिकामी करायच्या थोडं आधी, मी दोन्ही फिल्म परत लावल्या. आजी तोवर गेल्या होत्या. आत्याच्या टीव्हीच्या जागी भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, आणि बघायला चाळीतले कमी, बाहेरचे जास्त, बरीचशी कॉलेजची मुलं. या वेळी क्रम बदलला, आधी १९५५ ची, मग थपडांची रीळ आणि गाणी, आणि सगळ्यात शेवटी २००४ ची. मला वाटलं होतं की काय चुकलं ते सगळ्यांना आपोआप दिसेल.

बहुतेकांना दिसलं. एकाला नाही. गोवंडीहून आलेला एक मुलगा होता, तो संपल्यावर माझ्याबरोबर चालत निघाला कारण त्याला हार्बर पकडायला सीएसएमटीला जायचं होतं. म्हणाला, 'सर, तुम्ही माणसांचंच बोललात, बार्जचं काहीच बोलला नाहीत.' मी म्हटलं बार्जचं काय. तो म्हणाला, फिल्मच्या पहिल्याच दृश्यात ती कचऱ्याची बार्ज दिसते, पुलाखालून जाते, बेटावर कचरा टाकायला, आणि शेवटी पाचही जण तिच्यावरच जातात. पैसा कुठे जातो ते फिल्ममधे सगळे बोलतात, कचरा कुठे जातो ते कुणी विचारत नाही. 'आमच्या खिडकीतून देवनार दिसतं,' तो म्हणाला, '१९२७ पासून मुंबई तिथे कचरा टाकतेय. माझे आजोबा यायच्या आधीपासून. मला नाही हसू आलं, पण मला ती फिल्म कळली.'

मी म्हटलं की जुन्या फिल्ममधेही तेच आहे, प्रेतं पुलावरून मालगाडीच्या डब्यात पडतात. तो थांबला, विचार केला, म्हणाला, 'मालगाडी कुठेतरी पोचते सर, तिथे कुणीतरी डबा उघडतं. बार्ज उघडायला कुणी नसतं.'

काळबादेवीच्या नाक्यावर आम्ही दहा मिनिटं उभे होतो. मी त्याला विचारलं की मग टोळीला मन नाही हे तुला खटकलं नाही का, तो म्हणाला खटकलं, पण ज्यांना शहर कचऱ्यात काढतं त्यांना मन असतं की नाही ते शहराने बघितलंय कधी? यावर माझ्याकडे काही नव्हतं. त्याची गाडी अकरा पन्नासची होती, उशीर झाला होता म्हणून पिशवीतून डिस्क काढून त्याच्या हातात दिली, म्हटलं परत बघ आणि लिही काय वाटतं ते. त्याने आधी हे विचारलं की हिचा रिजन कोणता.